थदडीच्या दिवशी भाजलेलं बेसन

माझ्या नातीला दूध चालत नाय. चालत नाय म्हणजे पचत नाय असं नव्हे, ती पीतच नाय. दही नाय, तूप नाय, मासळी तर नायच. वासराच्या वाटचं दूध आपण का घ्यायचं म्हणते. मी म्हटलं, बाय, आमच्या लहानपणी आम्हीपण दूध पीत नव्हतो, चहासुद्धा काळाच असायचा, पण त्याला वीगन म्हणतात हे कोणी सांगितलं नव्हतं. ती हसते. संध्याकाळी कामावरून बदलापूरला येते, चपला काढता काढता विचारते, आजी, झटपट काय होईल. झटपट म्हटलं की माझे हात आपोआप एकाच वाटेला लागतात. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून वाटाण्याची पिशवी काढायची. डब्यातलं बेसन, बरणीतली चिंच, थोडे मेथीदाणे, हिंग. तेलात बेसन भाजायचं, पाणी ओतायचं, वाटाणे सोडायचे. भात होईस्तोवर कढी तयार. नात वाटी पुसून खाते, मैत्रिणींना फोटो पाठवते. तिला वाटतं आजीनं आपल्यासाठी ही शोधून काढली.

मी नाय शोधून काढली. ती मला एका म्हाताऱ्या सिंधी बाईनं दिली, आणि तिची चूल माझ्याकडं आली. मी मागितली नव्हती, ओढून घेतली नव्हती, पण आली. आज इतकी वर्षं झाली, तरी कढईत बेसन लाल व्हायला लागलं, तो खमंग वास सुटला की माझी मान खाली जाते. नात म्हणते, आजी, तू कढी करताना गप्प का होतेस. म्हणून हे सांगते.

आम्ही तेव्हा विठ्ठलवाडीला राहायचो, बस डेपोच्या मागच्या चाळीत. एक खोली, त्यातच मोरी, त्यातच चूल. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. मूळचे आम्ही बारवी धरणाच्या बाजूचे. मामाची तिकडं थोडी भातशेती होती, पावसाळ्यात आय तिकडं जाऊन लावणी करायची, बेणणी करायची, म्हणजे तण काढायची, आणि त्याचे तांदूळ घेऊन यायची. आमच्या घराचा वास म्हणजे सुकट भाजल्याचा वास. तव्यावर सुकट, त्यावर ठेचलेला लसूण, लाल तिखट, आणि भाकरी. सुकट संपली की नुसतं तिखट आणि तेल. घरात देव नव्हते. बाबांनी धम्म घेतला तेव्हा आजीचे देव टोपलीत घालून नदीला दिले होते, भिंतीवर एक बुद्धाचा फोटो, बस. चाळीत कोणाच्या अंगात आलं, कोणाला देवी कोपली, असलं काय बोललं की बाबा जेवणावरून उठायचे. त्यामुळं मी देवीला भीत नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढं ऐकणाऱ्याला वाटेल की ही अडाणी बाई देवीला घाबरून रडते.

माझी मोठी बहीण शेवंता, मी तिला ताई म्हणायचे, तिला अंबरनाथला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिच्या सासूनं पाठवली नाय. घरातलं कोण करणार म्हणाली. मी तिसरीत शाळा सोडली ती भांडी घासायला लागले, आणि पदर घ्यायच्या वयाला आले तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प चारला एका सिंध्याच्या घरी दिवसभराच्या कामाला लागले. सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं.

उल्हासनगरच्या त्या बराकी आता राहिल्या नाहीत. मिलिटरीच्या जुन्या बराकी, लांबच लांब, फाळणीत सिंधहून आलेल्या लोकांसाठी मधे भिंती घालून त्यांची घरं केलेली. भिंती छपरापर्यंत जात नव्हत्या, वर मोकळं. एका घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात ठसका लागायचा. कोणाच्या घरी शिलाई मशीन चालू आहे, कोणाचं बाळ रडतं, कोण नवऱ्याशी भांडतं, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं, आणि सगळे ऐकलं नाय असं दाखवायचे. घरात माणसं थोडीच. सेठ दुकानावर असायचा. त्याची बायको, तिला मी भाभी म्हणायचे. त्यांची एक मुलगी, गुड्डी, शाळेत घालायच्या वयाची. आणि सेठची आई, अम्मा. पांढरे कपडे, डोक्यावर पांढरा दुपट्टा, गुडघे धरलेले, चालताना भिंतीला हात लावून चालायची. पण ओट्याशी उभी राहिली की गुडघे कुठं जायचे कोण जाणे.

चूल अम्माची होती. गॅस आलेला होता, तरी ती चूल्हाच म्हणायची. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, काटो, धोओ, पीसो, चूल्हे को हाथ नहीं. मला वाटलं आम्ही कोण ते कळलं म्हणून असेल. दोन दिवसांत समजलं, तसं नव्हतं. भाभीलासुद्धा हात लावायला मिळत नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झालेली, पण भाभी बिचारी कमळाची देठं सोलायची, तांदूळ निवडायची, आणि अम्मा डाव फिरवायची. सेठ जेवायला बसला की पहिला घास घेऊन आईकडं बघायचा, भाभी नवऱ्याकडं बघायची. भाभी वाईट नव्हती. मला जुने कपडे द्यायची, तेलाची बाटली द्यायची. पण ओट्याशी अम्माच्या मागं उभी राहिली की तिचा चेहरा दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखा व्हायचा.

फ्रीज मी तिथंच पहिल्यांदा पाहिला. उघडला की आतून थंड वाफ यायची, गुड्डी त्यात तोंड घालून उभी राहायची. हिवाळ्यात वाटाणे स्वस्त झाले की अम्मा गोणीच आणायची. आजूबाजूच्या बायका अंगणात बसून सोलायच्या, सिंधीत गप्पा, शेंगांची टरफलं बकऱ्यांना. मग अम्मा ते दाणे उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, फडक्यावर सुकवायची, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात रचायची. मी आयला येऊन सांगितलं, ते लोक वाटाणे बर्फात पुरतात. आय म्हणाली, माणसांकडं पैसा झाला की असंच सुचतं. पण मला ते आवडायचं. भर पावसात, बाहेर चिखल, बाजारात एक धड भाजी नाय, आणि अम्मा पिशवी आपटून दगडासारखे हिरवे दाणे सुटे करायची. तो खडखड आवाज अजून माझ्या कानात आहे.

श्रावणात त्यांची थदडी यायची. थदडी म्हणजे थंड. आदल्या दिवशी बायका सगळं रांधून ठेवायच्या, गोड लोले म्हणजे तुपातल्या जाड पोळ्या, तळलेली कारली, दहीवडे. संध्याकाळी गॅस धुवायच्या, त्याची पूजा करायच्या, पाणी शिंपडून वर फडकं घालायच्या. दुसऱ्या दिवशी अख्ख्या घरात काडी ओढायची नाय. चहासुद्धा नाय. सगळ्यांनी थंडच खायचं, म्हणजे शीतळा माता थंड राहते, पोरांच्या अंगावर फोड येत नाहीत. त्या दिवशी बराकीत असा शुकशुकाट असायचा की विचारू नका. रोज सकाळी ज्या घरांतून भांड्यांचा, फोडण्यांचा कालवा असायचा, तिथं नुसती माणसं हळू हळू बोलायची, जशी कोणी झोपलंय घरात.

त्या वर्षी थदडीला भाभी गुड्डीला घेऊन देवळात गेली आणि तिथून माहेरी जाणार होती. सेठ दुकानावर. अम्माचे गुडघे दुखत होते म्हणून ती खाटेवर जपमाळ घेऊन बसलेली. मी अंगणात चादरी पिळत होते. तेवढ्यात फाटकाशी कोण तरी उभं राहिलेलं दिसलं. ओलं गच्च लुगडं, डोक्याला फडकं बांधलेलं, छातीशी गाठोडं. मला वाटलं भिकारीण. मग गाठोडं हललं.

ती ताई होती. बाळंत होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. अंबरनाथवरून पायी आली होती, पावसात. आधी चाळीत गेली, तर कुलूप. आय बेणणीला गेलेली, बाबा पाळीवर. मग विचारत विचारत माझ्याकडं आली. किल्ली दे म्हणाली. मी विचारलं, भावोजींना सांगून आलीस का, तर तिनं गाठोडं छातीशी आणखी आवळलं. मागाहून कळलं, मुलगी झाली म्हणून सासूनं पाचव्याच दिवशी पाणी भरायला लावलं होतं, आणि जेवायला आदल्या रात्रीचा भात. दूध आटलं होतं. बाळ रडत नव्हतं, मांजराच्या पिलासारखं बारीक कण्हत होतं. रडायचं बळच नव्हतं त्याच्यात.

अम्मानं आतून हाक मारली, कोन है री. मी सांगितलं, माझी बहीण आहे, किल्ली देते आणि पाठवते. अम्मा उठून आली, भिंतीला धरून. तिनं ताईकडं नाय बघितलं, आधी बाळाचं फडकं बाजूला केलं, त्याच्या तोंडात बोट घातलं. मग ताईला म्हणाली, आत ये. ताई म्हणाली, नको आजी, माझी अजून बाराव्याची आंघोळ झाली नाय, तुमचा आज सण दिसतो. अम्मा म्हणाली, मुई, बारिश में सण दिखता है तेरे को, अंदर चल.

तिला कोरडं नेसवलं, खाटेवर बसवलं. मी ताटात लोला आणि दहीवडा काढला. घरात खायला कमी नव्हतं, डबे भरलेले होते, पण सगळं गार. अम्मानं माझ्या हातातलं ताट घेतलं आणि बाजूला ठेवलं. ताईचे दात वाजत होते. बाळंतिणीला गार दही द्यायचं नसतं एवढं त्या म्हातारीला कळत होतं, मला नव्हतं कळत. ती ओट्याकडं बघत बसली. ओट्यावर गॅस, त्यावर लाल फडकं, फडक्यावर कुंकू आणि चार अक्षता. मी म्हटलं, अम्मा, मी हिला चाळीत नेते, तिथं चहा करून देते. अम्मा म्हणाली, चलके जाएगी ये.

मग ती उठली, ओट्यासमोर उभी राहिली, हात जोडले आणि सिंधीत काय तरी बोलली. विनवणी नव्हती. घरातल्या मोठ्या बाईला आपण सांगतो ना, आज असं झालंय, काय करू, तसा आवाज होता. मग फडक्यावरच्या अक्षता एका वाटीत काढल्या, फडकं घडी करून ठेवलं आणि काडी ओढली.

मी काय काय झालं ते सगळं बघितलं, कारण ती कढी तिनं इतक्या भरभर केली की डोळा लवला असता तर चुकलं असतं. तूप नव्हतं, सगळं लोल्यांत गेलेलं. दूध होतं, पण ते देवीच्या नावाचं थंड ठेवलेलं. म्हणून तेल. तेलात मेथीदाणे, जिरं, हिंग. मग बेसन, आणि ते ती हलवत राहिली, हात थांबला नाय, पिवळ्याचं सोनेरी, सोनेरीचं तांबूस. वास सुटला. सगळीकडं चुली बंद, त्या दिवशी तो एकच वास, तो भिंतीवरून पलीकडं गेला, पलीकडून त्याच्या पलीकडं. मला तो जाताना दिसत होता जणू. अम्मालाही कळत होतं, तिनं एकदा वर बघितलं, भिंत जिथं संपते तिथं, आणि परत हलवायला लागली. मग पाणी, हळद, मीठ. पिशवी आपटून वाटाणे. दुसऱ्या शेगडीवर मऊ भात. शेवटी तिनं चिंचेची बरणी काढली तेव्हा ताई खाटेवरून म्हणाली, आजी, आमच्यात बाळंतिणीला आंबट देत नाहीत.

अम्मा म्हणाली, “तुम्हारे में खट्टा नहीं, हमारे में आज आग नहीं. थोडा तुम्हारा टूटेगा, थोडा हमारा. खा.”

ताई हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. चिंच अम्मानं घातली, पण नखाएवढी. ताईनं दोन वाट्या खाल्ल्या, भात कालवून, बोटं भाजत. अम्मानं तिच्या पाठीला उशी लावली, बाळ छातीला दिलं आणि म्हणाली, आता कोणी बोलायचं नाय. बाळ ओढायचं, सोडायचं, कण्हायचं, परत ओढायचं. बराच वेळ गेला. मी आशा सोडली होती. मग घोट घेतल्याचा आवाज आला. एवढासा आवाज, कबुतर घशात करतं तसा. बराकीत त्या दिवशी शांतता होती म्हणून ऐकू आला. अम्मा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, कॅम्पात आले तेव्हा माझ्यापण मांडीवर एक होती.

दिवस कलायच्या आत मी ताईला चाळीत पोचवली. परत आले तर गॅस धुतलेला, फडकं जागेवर, अक्षता जागेवर. कढई तिनं स्वतः घासून ठेवलेली.

दीड आठवड्यानं गुड्डीला ताप भरला आणि अंगावर कांजण्या उठल्या. आता नात सांगते, आजी, ते एकाचं दुसऱ्याला लागतं, देवीचा काय संबंध. मला ते तेव्हापण माहीत होतं. पलीकडच्या बराकीत आधीच दोघा पोरांना आल्या होत्या आणि गुड्डी त्यांच्यात खेळायची. पण शेजारीण आली, कडुनिंबाचा पाला घेऊन, आणि दारातच भाभीला म्हणाली की थदडीला तुझ्या घरातून बेसन भाजल्याचा वास आला होता, मी म्हटलं नसेल, मला भास झाला असेल. सांगताना तिचा आवाज अगदी मऊ होता.

भाभी आत आली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून अम्मा म्हणाली, मी पेटवला. जिभेला गरम पाहिजे होतं. म्हातारपणी जीभ ऐकत नाय. असं म्हणाली आणि माळ ओढायला लागली, जसं काय पाणी पिऊन आले एवढंच सांगितलं. भाभी काय बोलली ते मी इथं सांगत नाय. आईचं मन होतं, पोर तापानं फणफणलेली. सेठ दुकानावरून आला, त्यानं ऐकलं, आईसमोर उभा राहिला आणि तसाच परत दुकानावर गेला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाभीला खरं सांगितलं. माझी बहीण आली होती, ओली बाळंतीण, उपाशी, अम्मानं तिच्यासाठी पेटवला, तिच्या जिभेसाठी नाय. सगळं सांगितलं, कढीत वाटाणे होते तेसुद्धा सांगितलं. भाभीनं ऐकून घेतलं. मग अम्माला विचारलं, ही काय म्हणते. अम्मा म्हणाली, इसकी बहन तो ससुराल में है, यहां कब आई. छोकरी मेरे लिए झूठ बोलती है. भाभीचे डोळे भरले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, बघा, परकी पोर, म्हातारीसाठी स्वतःवर घेते, आणि घरचीला आपल्याच नातीची दया नाय आली. मी परत सांगितलं, शपथ घेतली. जितकं सांगावं तितकी मी तिला चांगली वाटत गेले.

पाला खुडताना मी अम्माला धरलं. असं का केलंत म्हटलं. ती म्हणाली, “मेरे को गाली देंगे, फिर भी रोटी देंगे. तेरे को गाली नहीं देंगे. निकाल देंगे.” आणि विचारलं, बाळ पितंय का. ताई तेव्हा चाळीतच होती. बाबांच्या पगारात आणि माझ्या कामावर पाच तोंडं चालली होती. अम्माला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, म्हणून तिसऱ्यांदा सांगायला मी गेले नाय.

गुड्डी बरी झाली. कपाळावर एक खळगा राहिला, पुढं तिच्या लग्नाच्या फोटोतही तो दिसत होता. ती न्हाली त्या दिवशी भाभी अम्माला म्हणाली, खूप शांतपणे, अम्मा, अब आप आराम करो. बरण्या खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेल्या, जिथं अम्माचा हात पोचत नव्हता. मी धरून चालले होते की चूल आता भाभीच्या हाती येणार. इतकी वर्षं वाट बघत होती ती. पण भाभीनं दोन दिवस करून बघितलं, सेठनं पहिला घास घेतला, कोणाकडंच नाय बघितलं. तिसऱ्या दिवशी भाभीनं डाव माझ्या हातात दिला. म्हणाली, तू अम्माजवळ उभी राहून बघितलंयस, तूच कर.

अशी ती चूल मला आली. अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर वेताच्या मोड्यावर बसायची. आत पाऊल टाकत नव्हती, कोणी नको म्हटलं नव्हतं तरी. वासावरून सांगायची. उतार. थोडं पाणी. हिंग विसरलीस. मी बेसन भाजायला घेतलं की मात्र काय सांगायची नाय, डोळे मिटून बसायची, आणि मला पाठीवर ते मिटलेले डोळे जाणवायचे. हाताला चव यायला लागली. पाहुणे यायचे, भाभी सांगायची, ही आमची सुमन, अगदी अम्मासारखं करते. अम्मा मान हलवायची. आणि स्वतः गरम खायचं तिनं सोडलं. ताट वाढलं की बाजूला ठेवायची, पार गार होऊ द्यायची, मग जेवायची. मातेला मी सांगून घेतलंय म्हणाली, तिचा एक दिवस मी घेतला, माझे सगळे तिला. मी रोज गरम वाढायचे, ती रोज गार करायची. बाबांना हे सांगितलं असतं तर ते चिडले असते, असल्या देवीवर आणि असल्या नवसावर. मी नाय सांगितलं. मला चिडता येत नव्हतं. तिनं फेडत राहायचं आणि मी तिच्या जागी उभं राहून शिकायचं, असं चाललं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायला लागलं होतं. सकाळी चाळीतून निघताना आज काय करू याचा विचार करत मी चालायचे.

पुढं हिवाळ्यात भावोजी येऊन ताईला घेऊन गेले. सासूपासून वेगळी खोली केली होती त्यांनी, अंबरनाथलाच. जायच्या आधी ताई म्हणाली, त्या आजीच्या पाया पडते. मी नको म्हटलं, तर म्हणाली, तू कोण नको म्हणणारी. मी कामावर गेले आणि ती मागाहून आलीच. हातात नारळ, एक खण, आणि कडेवर पोर. पोर काय झाली होती सांगू, मनगटाला वळ्या पडलेल्या, गालावर लाली. अंगणात वाटाण्याची गोणी ओतलेली, बायका सोलत बसलेल्या. ताई सरळ आत आली. भाभी समोरच्या खोलीत गुड्डीच्या वेण्या घालत होती. अम्मा मोड्यावर. मी ओट्याशी.

ताईनं वाकून पायाला हात लावला. म्हणाली, आजी, ओळखलं ना.

अम्मानं वर बघितलं. मग म्हणाली, “नहीं बेटा. कौन हो?”

ताईचा हात नारळावर तसाच राहिला. ती माझ्याकडं वळली, मी सांगीन म्हणून. मी भाताकडं बघत राहिले. मग मीच म्हटलं, माझी बहीण आहे. भाभी कंगवा हातात धरून दाराशी आली. पोर किती महिन्यांची म्हणून विचारलं. ताईनं सांगितलं, श्रावणातली. भाभी मागं मागं मोजत गेली असणार, तिच्या डोळ्यांत ते चालत होतं. तिनं ताईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग अम्माकडं. मला वाटलं आता बोलेल. मला वाटलं आता बरण्या खाली येतील. पण कंगवा धरलेल्या हातानं तिनं गुड्डीचं कपाळ चाचपलं, जिथं खळगा होता तिथं, आणि तिला घेऊन समोरच्या खोलीत परत गेली. मी तिला दोष देत नाय. पोर तिची होती.

अम्मानं पोरीला हात पुढं केले. ताईनं दिली, नाराजीनंच दिली. ताई आजपण म्हणते, ती सिंधीण विसरली मला, मोठ्या लोकांना कुठं लक्षात राहतं. मी तिला पुढं सगळं सांगितलं, तरी तिच्या मनातून ते जात नाय. अम्मानं पोरीला मांडीवर उभी केली, तिच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, गळ्याखालची वळी बोटानं उघडून बघितली. बाजारात भाजी बघतात तसं. कोणी अनोळखी म्हातारी बघेल तसं. मग ताईला विचारलं, दूध पूरा पड़ता है? ताई म्हणाली, हो, पुरतं. रात को भी? रात्रीपण.

“अच्छा,” अम्मा म्हणाली. पोरीला तिनं खाली सोडली नाय. माझ्याकडं न बघता म्हणाली, “मेहमान है, छोकरी. इसको गरम परोस.”

मी डाव कढईत घातला. ताट काठोकाठ वाढलं. ताई उंबऱ्याबाहेर अम्माच्या शेजारी बसून जेवली. अम्माचं ताट मी तिच्या बाजूला ठेवलं, त्यातून वाफ निघत होती, आणि ती पोरीला पायावर झुलवत वाफ जायची वाट बघत बसली.